घड्याळ पळायलंय का तुम्ही?

बाई, सा. न. वि. वि.

मी परभणीत राहते, वय ४१, बँकेत नोकरी. चार वर्षांपासून सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पळते. मागच्या भाऊबीजेला पुण्याच्या भावानं जीपीएसचं घड्याळ दिलं. सुरुवातीला मजा वाटली. आता डोळे उघडले की आधी घड्याळ बघते, झोप किती झाली, आज शरीर 'तयार' आहे का. आकडा कमी दिसला की पाय जड वाटायला लागतात. पळताना दर मिनिटाला मनगट वर. ९.९३ किलोमीटर झाले की आमच्या गेटसमोर येरझारा घालून १० पूर्ण करते, वॉचमन हसतो. परवा चार्जिंग करायचं राहिलं तर गेटातूनच परत फिरले. 'नोंदच होणार नाही तर पळून काय उपयोग' असं खरंच मनात आलं आणि मग लाज वाटली. भावाच्या ग्रुपवर रोज सगळ्यांचे आकडे येऊन पडतात. पूर्वी शेजारच्या वहिनींसोबत जायचे, पण त्यांचा वेग कमी पडतो म्हणून आता एकटीच जाते. मेमध्ये तर घड्याळ म्हणालं, तुमची क्षमता घटली. घड्याळाशिवाय पळायला कसं शिकू?

तुमच्या विद्यार्थिनींसारखीच एक, परभणी

ता. क. घड्याळ विकून टाकू का?

*

विद्यार्थिनींसारखीच अशी सही केलीस, तेव्हा अहोजाहो करत नाही.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी घड्याळाचं वाटलं. दुसऱ्या वेळी वहिनींच्या ओळीवर अडकले. सगळ्या पत्रात घड्याळाचीच कौतुकं आणि गाऱ्हाणी, आणि रोजची सोबतीण एका वाक्यात निकालात. त्यांच्याकडे येतेच, पण तुझ्या ९.९३ नं मला आधी हसवलं, तेव्हा तिथून सुरू करते.

त्या घड्याळाला तुझा रस्ता दिसत नसतो. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या संदेशांवरून तू कुठं आहेस याचा ते अंदाज बांधतं, ठिपके मांडत जातं आणि ठिपके जोडून अंतर काढतं. प्रत्येक ठिपका काही मीटर इकडंतिकडं असू शकतो. उघड्या माळावर कमी, दाट झाडीखाली किंवा इमारतींच्या कडेनं जास्त. दहा किलोमीटरला एक टक्का चूक धरली तर शंभर मीटर होतात, आणि मनगटावरच्या घड्याळानं एका टक्क्यात राहणं म्हणजे त्यानं चांगलंच काम केलं म्हणायचं. मोंढ्यातला काटाच क्विंटलला किलोभर मागंपुढं होत असेल, तर सातशे ग्रॅमवरून हुज्जत घालण्यात काय अर्थ? शेतकरी तरी घालेल, त्याचे पैसे जातात. तुझं काय जातं? गेटसमोरच्या त्या येरझाऱ्यांच्या आधीच तुझे दहा झालेले असतील, किंवा अकराव्या फेरीनंतरही झालेले नसतील. वॉचमन हसतो ते बरोबरच हसतो.

आता छातीच्या ठोक्यांचं. यात मी स्वतः तोंडावर आपटलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मुलानं माझ्याही मनगटावर असंच एक बांधलं. मी अंबाजोगाईची. मुकुंदराजांच्या समाधीकडं जाणारा आमचा रस्ता म्हणजे चढ-उतारच. मार्च महिना, सकाळचे साडेसहा. मस्त उताराला लागले होते, तोंडात अभंगाची ओळ घोळत होती, आणि सहज मनगटाकडं बघितलं तर १७२. माझं वय तेव्हा ५९. '२२० वजा वय' हा हिशोब कुठंतरी वाचलेला, म्हणजे माझी कमाल १६१. कमालीच्याही वर अकरा! पाय लटपटले. क्रम लक्षात घे हं, आधी आकडा दिसला, मग पाय लटपटले. रस्त्याच्या कडेला दगडावर बसले, कुणाच्या तरी मोटारसायकलवरून घरी आले, तशीच दवाखान्यात. ईसीजी काढला, सगळं ठीक. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "दम लागला होता का?" आठवून बघितलं. दम कसला, मी गुणगुणत होते.

पुढच्या आठवड्यात त्याच उतारावर घड्याळानं पुन्हा १७० दाखवले. या वेळी थांबले, मानेवर दोन बोटं ठेवली आणि पंधरा सेकंद मोजले. ३२. गुणिले चार, १२८. म्हणजे घड्याळ चाळीसेक ठोके पदरचे घालत होतं. ते आणत कुठून होतं? मग पळता पळता उजव्या पायाची पावलं मोजली, मिनिटाला ८५. दोन्ही पायांची १७०. मेलं घड्याळ माझं काळीज सोडून माझे पाय मोजत होतं!

हे का होतं तेही सांगते. घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा उजेड शोषतं, म्हणून प्रत्येक ठोक्यागणिक परत येणारा उजेड कमीजास्त होतो, आणि त्यावरून घड्याळ ठोके ओळखतं. पट्टा सैल असला किंवा हात जोरात हलत असला की पावलांचा ठेकाही त्यात मिसळतो, आणि घड्याळ बिचारं चुकीचा ठेका धरून बसतं. बँडवाल्याच्या गोंगाटात भटजींचे मंत्र ऐकायचे तसं आहे ते. पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, जरा घट्ट बांधला तर बराच फरक पडतो. छातीला बांधायचा पट्टा येतो तो हृदयाची विद्युत लहर टिपतो, त्यामुळं तो जास्त भरवशाचा. पण तुला आता आणखी एक यंत्र घे म्हणून सांगणार नाही.

आणि ते २२० वजा वय. हा ढोबळ आडाखा आहे, तुझ्या अंगावर माप घेऊन शिवलेला नाही. एकाच वयाच्या दोघींची कमाल दहा-बारा ठोक्यांनी वेगळी असणं अगदी साधी गोष्ट, कधी त्याहूनही जास्त. तुझ्यासाठी तो आडाखा १७९ सांगेल. खरी १६७ असेल किंवा १९१. त्या १७९ वर घड्याळानं तुझे झोन, म्हणजे ठोक्यांवरून श्रमाचे टप्पे पाडले, म्हणजे पायाच तिरका आणि वर चार मजले.

तुझी क्षमता मेमध्ये 'घटली' याचं तर मला नवलच वाटलं नाही. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणता ना तुम्ही? मेमध्ये दुपारी ४३-४४, आणि पहाटेसुद्धा हवा कोमट. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडं वळवावं लागतं, घामानं रक्तातलं पाणी कमी होतं, मग एकेका ठोक्यात कमी रक्त पुढं जातं आणि हृदयाला ठोके वाढवावे लागतात. वेग तोच, ठोके जास्त. पुष्कळ घड्याळं याचा अर्थ एवढाच लावतात की बाई ढिल्या पडल्या. खरं तर तू उन्हाळा अंगावर घेऊन पळत होतीस. त्या दिवसांत वेग आपणहून कमी करायचा, आणि घड्याळ काही म्हणालं तर म्हणू द्यायचं. मात्र एक ध्यानात ठेव. भर उन्हाळ्यात पळताना अंगावर शहारा आला, घाम एकाएकी थांबला, डोकं गरगरलं, तर तिथल्या तिथं थांबायचं, सावलीत जायचं, अंगावर पाणी घ्यायचं. त्या वेळी आकडा कितीही शहाणा दिसत असला तरी.

सकाळच्या 'तयारी'च्या आकड्याबद्दल फार लिहीत नाही. दोन ठोक्यांमधल्या अंतरात किती कमीजास्त होतं हे रात्रभर बघून ते घड्याळ काहीतरी ठरवतं. रात्री लग्नात उशिरा जेवलीस, सर्दी होऊ घातलीय, पोराच्या परीक्षेची काळजी आहे, सगळं त्यात उतरतं. पाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत अंगाचं तापमान किंचित चढतं, निवांत असतानाचे ठोकेही दोन-चारनं वाढतात, आणि ही गोष्ट घड्याळाला तू सांगितल्याशिवाय कळत नाही. तुला मात्र कॅलेंडर न बघता कळते. म्हणून सकाळी तो आकडा बघूच नको. बूट घाल, बाहेर पड, दहा मिनिटं रमतगमत पळ. दहा मिनिटांनंतरही अंग नको म्हणत असेल तर खुशाल चालत घरी ये. माझा अनुभव, दहातल्या आठ दिवशी ते नको म्हणत नाही.

आता शिकायचं कसं ते.

आमच्या शाळेचं मैदान केवढंसं. चारशे मीटरचा ट्रॅक मावायचाच नाही, म्हणून चुन्यानं दोनशेचा आखायचे, आणि अख्ख्या शाळेत स्टॉपवॉच एकच, माझ्या गळ्यात. आठशे-पंधराशेवाल्या मुली हमखास पहिल्या फेरीत उधळायच्या आणि तिसरीला बसकण मारायच्या. ओरडून उपयोग नसायचा. मग मी एक खेळ काढला. फेरी संपवून आली की मुलीनं आधी बोलायचं, "बाई, अठ्ठेचाळीस." मग मी घड्याळ दाखवणार. पहिल्या आठवड्यात दहा-दहा सेकंदांनी चुकायच्या, एकमेकींना हसायच्या. महिन्याभरात बऱ्याचजणी दोन-तीन सेकंदांवर आल्या. आणि उधळणं आपोआप थांबलं, कारण आपण आता किती वेगात आहोत हे पायांना कळायला लागलं होतं. घड्याळ दाखवलं नसतं तर त्या शिकल्या नसत्या, आणि आधी दाखवलं असतं तरीही नसत्या.

तूही हेच कर. घड्याळ बांध, पण त्याच्या तोंडावर घामाचा रिस्टबँड चढव. कंपनाची सूचना, किलोमीटरला होणारी टिकटिक, सगळं बंद. घरी आल्यावर चप्पल-बूट काढायच्या आधी डायरीत लिही: किती अंतर वाटलं, किती वेळ वाटला, किती जड गेलं. त्यानंतरच रिस्टबँड काढ. आठवड्यातले दोन दिवस असे. तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवस घड्याळ घरीच राहू दे, शक्य तर तोच दिवस धर ज्या दिवशी ग्रुपवर सगळ्यांचे लांब पल्ले पडतात. खाजवल्यासारखं होईल. मनगट चार-पाच वेळा वर जाईल, तिथं काही नसेल. दोन आठवडे तरी तो हात गप्प बसायचा नाही.

'किती जड गेलं' ते लिहायला एक चांगली पट्टी आहे. गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं ती बनवली. ६ पासून २० पर्यंत. ६ म्हणजे निवांत बसलीस, २० म्हणजे आता पडते. असं विचित्र ६ पासून का? तर त्या आकड्याला दहानं गुणलं की तरण्या, धडधाकट माणसाचे ठोके अंदाजे येतात, ६० ते २००. म्हणजे ज्या आकड्यासाठी तू मनगट वर करतेस, तो माणसाला स्वतःच्या श्रमावरून बऱ्यापैकी सांगता येतो, हे त्या माणसानं पट्टी आखतानाच गृहीत धरलं होतं. रोजचं पळणं ११ ते १३ मध्ये राहायला हवं. पावलांवर श्वास मोजूनही कळतं. तीन पावलांत आत, तीन पावलांत बाहेर असं चाललंय तोवर आरामात आहेस. दोन-दोनवर आलीस तर कष्ट सुरू झाले. शेगावची पालखी तुमच्या परभणीतून जाते तेव्हा कधी तिच्या बाजूनं दोन किलोमीटर चालून बघ, टाळ आणि अभंग पावलांना कसे धरून ठेवतात ते.

आणि सगळ्यात अचूक यंत्र तुझ्या शेजारच्या घरात आहे. आरामाच्या वेगाची जगभर वापरली जाणारी साधी चाचणी आहे, पळता पळता पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे. तुटक शब्द यायला लागले की वेग जास्त. वहिनींसोबत तू सासूपासून गॅस सिलिंडरपर्यंत बोलत पळत होतीस, तेव्हा तू रोज त्याच 'झोन टू'मध्ये, म्हणजे आरामाच्या टप्प्यात होतीस ज्यासाठी आता एकटी मनगट बघत फिरतेस. लांब पल्ल्याचं पळणं बरंचसं त्याच वेगात घडतं. वहिनींचा वेग कमी पडत नव्हता, तुझ्या कामाचाच होता. माझीही अशी एक मैत्रीण होती. मी घड्याळ बघत पुढं निघून गेले तेव्हा मागून ओरडली होती, "बाई, घड्याळ पळायलंय का तुम्ही?" तेव्हा राग आला होता. आठ दिवसांनी तिच्या दारात उभी होते.

जोरात पळायचं असेल तर आठवड्यातला एक दिवस एकटी पळ. त्या दिवशी घड्याळ उघडं ठेव, चारशे मीटरचे तुकडे कर, घाम काढ. मोजणं वाईट आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी बस नाही म्हणून सहा किलोमीटरवरची शाळा पायांनी गाठायचा. त्या वयात मनगटावर काही नसणार. पण २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं, आणि सुवर्ण घेणारा केनियाचा धावपटू होता ८:११.१५ ला. सेकंदाच्या पाच शतांशांवर पदकाचा रंग बदलला. तिथं मोजावंच लागतं. तरी त्या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. पाय कुठं पडणार आणि वेग किती ठेवायचा हे तिथं मनगट वर करून ठरवायला कुणाला सवड नसते.

भावाच्या ग्रुपबद्दल. भाऊ प्रेमानं करतो, शंका नाही. तरी तो ग्रुप वर्षभरासाठी म्यूट कर आणि ॲपमधून आकडे आपोआप जातात तेवढं बंद कर. विचारलं तर सांग, बाईंनी सांगितलंय. शिवाय एक वेगळी गोष्ट, जी तू विचारलेली नाहीस. तुझा रस्ता, घराचं फाटक आणि सकाळची वेळ त्या ॲपवर सगळ्यांना दिसते का, ते आजच तपास. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या पळण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या जगभराच्या नकाशावर सैन्याचे तळ दिसतात हे लोकांच्या लक्षात आलं होतं, का, तर तिथले सैनिक घड्याळ बांधून पळत होते. त्यांचं तसं, तर एकट्या बाईचं काय. सेटिंगमध्ये घराचा परिसर लपवता येतो, पळणं फक्त स्वतःपुरतं ठेवता येतं.

फोन मात्र घरी ठेवू नकोस. झुंजूमुंजू असताना एकटी बाहेर पडतेस, तो कमरेच्या पाऊचमध्ये असूच दे, आवाज बंद करून. घरच्यांना लोकेशन दिसत असेल तर तेही चालू ठेव. इअरफोन नको. नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात, दोन-दोन जोडलेल्या, मागचा दिवा बहुधा नसतोच. आणि कुत्री आधी ऐकू येतात, मग दिसतात.

अजून एक. कुणाला हृदयाचा त्रास असेल, डॉक्टरांनी ठोक्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं असेल, तर हे माझं सगळं बाजूला ठेवायचं आणि डॉक्टर सांगतील ते करायचं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच दबलेले राहतात, तिथं २२० चा आडाखा साफ चुकतो. आणि छातीत दुखलं तर घड्याळात सगळं हिरवं दिसतंय म्हणून पळत राहायचं नाही.

रविवारी वहिनींकडं जा. घड्याळ न बांधता. थोडे टोमणे ऐकावे लागतील, एवढे दिवस तू त्यांना मागं टाकलंयस. ऐकून घे. परतताना विद्यापीठाच्या गेटाबाहेर चहा घ्या, पैसे तू दे. घरी आल्यावर डायरीत अंदाज लिहायला विसरू नकोस, आणि महिन्यानं मला कळव किती चुकलीस. मला खरंच बघायचंय.

ता. क. चं राहिलंच. भाऊबीजेची ओवाळणी कुणी विकतं का? शिवाय त्या घड्याळाची एक गोष्ट मलाही आवडते, मी अजून वापरते. पहाटे पाचला ते नुसतं मनगटावर थरथरतं, घरातल्या दुसऱ्या कुणाची झोपमोड होत नाही.